जोडीच्या पाटावर दोन एकटे

लग्नाच्या पंगतीत आपल्या संशोधनाची चूक निघेल, असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या वैशाखात मुरुडजवळच्याच एका खेड्यात भाचीचे लग्न होते. मी मावशीच्या शेजारी बसलो होतो. मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, ऐंशीकडे झुकलेली. बोलता बोलता आईच्या ओव्यांचा विषय निघाला आणि मी मोठ्या ऐटीत माझ्या जुन्या लेखाची आठवण काढली. मावशीने बुंदी बाजूला सारली आणि शांतपणे विचारले, "कळस? आन् तिनं कळस कशाला म्हणावं रे? पळस म्हणायची ती, पळस."

आता या एका अक्षराने माझी झोप का उडावी, हे वाचकांना सांगितले पाहिजे. २००२ साली मी नांदेडच्या विद्यापीठात एम.ए. करीत होतो. प्रबंधिकेसाठी जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या होत्या, आणि घरातच खाण असताना बाहेर कशाला जा, म्हणून मी आईलाच गायला बसवले. पुढे २००४ मध्ये एका लहानशा नियतकालिकात मी त्या ओव्यांवर लेख लिहिला. त्यातल्या एका ओवीत भाऊ बहिणीला दिवाळीला न्यायला येतो आणि त्याला लांबून 'कळस' दिसतो, असे मी छापले. नुसते छापले असते तरी एक वेळ चालले असते. पण मी त्या कळसावर चांगली दोन पाने खर्च केली होती. देह हे देऊळ, माहेर हे तीर्थ, भाऊ हा वारकरी, वगैरे वगैरे. मराठीच्या प्राध्यापकाला एक कळस सापडला की तो त्याच्याखाली देऊळ बांधल्यावाचून राहत नाही!

आई २०१० मध्ये गेली. आता साक्षीदार उरला तो एकच, ती कॅसेट.

घरी येऊन कॅसेट शोधली. नशिबाने बुरशी लागलेली नव्हती. पण ऐकू काय येते? घर्रर्र, घर्रर्र, आणि त्या घरघरीच्या मागे, पडद्याआडून बोलावा तसा आईचा आवाज. दळण तेव्हा गिरणीतूनच यायचे, पण जात्याशिवाय गायला आई तयार नव्हती. "हात फिरल्याबिगर गळा कसा फुटंल?" असे म्हणून तिने दोन पायल्या ज्वारी उगाच दळली होती. मी उसना आणलेला एका स्पीकरचा टेपरेकॉर्डर जात्यापासून हातभर अंतरावर ठेवला होता. माझ्या अकलेची ही कमाल आजही त्या टेपवर ऐकायला मिळते.

व्याकरण शिकवणाऱ्याला या प्रसंगातली गंमत लगेच कळेल. क आणि प, दोन्ही स्पर्शवर्ण, दोन्ही अघोष, दोन्ही अल्पप्राण. फरक एवढाच की एक कंठातून निघतो आणि दुसरा ओठांतून. पुढचे 'ळस' दोन्हीकडे तेच. म्हणजे सगळा न्यायनिवाडा त्या वर्णाच्या सुरुवातीच्या क्षणभर स्फोटावर येऊन ठेपतो. स्वर दमदार असतो, तो जात्याच्या घरघरीतूनही तगून राहतो. व्यंजन बिचारे तिथेच चिरडून जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रभरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या कितीतरी पुढे डिजिटल यंत्रावर ध्वनिमुद्रितही केल्या गेल्या. त्या कामाचे मोल मला त्या रात्री खऱ्या अर्थाने कळले. ओवी कागदावर उतरवताना एक अक्षर चुकले तर ते पुन्हा ऐकून तपासता आले पाहिजे.

पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने मला एक उत्तम हेडफोन दिला होता. जुन्या बाजारातून एक स्टीरिओ कॅसेट डेकही मिळाला. पण डेकला हेडफोनचे भोक नव्हते. मागे फक्त अँप्लिफायरला जोडायच्या दोन तारा. तिथे हेडफोन लावला तर डासाच्या गुणगुणण्याएवढा आवाज येई. हेडफोन अडीचशे ओहमचा. त्याला हलवायला पुरेसा दाब लागतो आणि तो देणारे काहीतरी मध्ये हवे होते.

म्हणून मी आमच्या चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे बाजारपेठेत रेडिओ, टेप, टीव्ही, आणि आता नाइलाजाने मोबाईल दुरुस्त करणारे वयोवृद्ध गृहस्थ. बोलणे निम्मे मराठी, निम्मे दख्खनी. मी हेडफोनच्या अँप्लिफायरचे नाव काढताच ते म्हणाले, "सर, विकत कायको घेता? आठ पायांची एक आयसी, चार रेझिस्टन्स, दोन कंडेन्सर. बस! इथंच बनवू."

चाचा म्हणत होते ते अगदी खरे होते. चू मोय नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने १९९८ च्या सुमारास खिशात मावणाऱ्या हेडफोन अँप्लिफायरचा एक साधा आराखडा प्रसिद्ध केला. जगभरच्या हौशी लोकांनी तो पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवला. आमच्याकडे त्या गोळ्या कोण खातो? मी मुलीची जुनी कंपासपेटी घेतली. तीही पत्र्याचीच आणि झाकणाची. झाकणावर दोन सिंह की हरणे होती, ती खरवडून गेल्यामुळे ओळखू येत नाहीत.

या यंत्राचा जीव म्हणजे ऑप-अँप. नाव भारदस्त आहे, 'ऑपरेशनल अँप्लिफायर', आणि त्यातला 'ऑपरेशनल' हा शब्द गणितातला आहे. बेरीज, वजाबाकी, कलन या क्रिया विजेच्या दाबावर करणाऱ्या जुन्या गणकयंत्रांसाठी हे वर्धक बनले, आणि १९४७ मध्ये रगाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधात त्यांना हे नाव मिळाले. १९५३ च्या सुमारास फिलब्रिक कंपनीचा जो ऑप-अँप बाजारात आला, त्यात काचेच्या व्हॉल्व्ह होत्या. त्यालाही खाली आठच पाय होते! पुढे सगळे सिलिकॉनच्या कणावर आले. १९६५ मध्ये बॉब विडलर यांचा ७०९ आणि १९६८ मध्ये डेव्ह फुलागर यांचा ७४१. अभियांत्रिकीच्या मुलांनी शिव्या दिल्या नाहीत असा ७४१ अजून व्हायचा आहे.

त्यामागची कल्पना मात्र त्याहून जुनी आणि माझ्या मते जास्त सुंदर आहे. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनिअर हडसन नदी ओलांडून कामावर निघाला होता. होडीत बसल्या बसल्या त्याला सुचले की वर्धकाने आवाज वाटेल तेवढा मोठा करावा, आणि मग त्यातला काही भाग उलटा करून पुन्हा त्याच्याच दारात आणून सोडावा. म्हणजे तो आपली चूक आपणच ऐकतो आणि सुधारतो. हातातल्या वर्तमानपत्रावरच त्याने ते टिपून ठेवले. ऑप-अँपला दोन कान असतात, एक सुलटा आणि एक उलटा. सुलट्या कानात गाणे घालायचे, उलट्या कानात त्याचेच उत्तर दोन रेझिस्टन्सच्या चाळणीतून परत पाठवायचे. त्या दोन रेझिस्टन्सचे प्रमाण काय, त्यावर आवाज किती पट होणार ते ठरते. चू मोयच्या मूळ आराखड्यात दहा हजार आणि एक हजार ओहम आहेत, म्हणजे अकरा पट.

स्टीरिओसाठी असे दोन वर्धक लागतात, डाव्या कानाचा एक, उजव्याचा एक. म्हणून कारखानदारांनी एकाच आठ पायांच्या तुकड्यात दोन वर्धक बसवले. प्रत्येकाला दोन कान आणि एक तोंड, म्हणजे सहा पाय, आणि विजेचे दोन सामाईक. बरोबर आठ! काटकसरी बिऱ्हाड. चाचांनी त्यांच्या डब्यातून ४५५८ नावाचा असाच जोडीचा आयसी काढला. आपल्याकडे गावोगाव बनणाऱ्या अँप्लिफायरमध्ये हाच असतो. मंडपातल्या भोंग्यापासून भजनाच्या पेटीपर्यंत सगळीकडे.

नऊ व्होल्टची एक बॅटरी, तिचे दोन समान भाग करायला दोन रेझिस्टन्स आणि दोन मोठे कंडेन्सर, आणि आयसीखाली सॉकेट. दोन संध्याकाळी काम झाले. सुरुवातीला भुंग्यासारखी गुणगुण येत होती, ती कंपासपेटीचे झाकण लावताच थांबली. आईचा आवाज कानात आला. सतरा-अठरा वर्षांनी इतक्या जवळून. मी बराच वेळ चाचांकडे पाहिले नाही.

पण तो शब्द? 'कळस' म्हणावे तर कळस, 'पळस' म्हणावे तर पळस. आपण जे मनात धरावे तेच ऐकू येई.

इथे एखादा शहाणा मनुष्य थांबून विचार करता. मी मात्र हौशी लोकांच्या नेहमीच्या वाटेने गेलो. मनात आले, आयसीच हलका आहे! ४५५८ दीडदमडीचा, त्याला काय कळणार माझ्या आईच्या ओवीतला ओष्ठ्य वर्ण? सॉकेट आहेच, जुना काढायचा आणि भारी बसवायचा. चौकशी करता करता मला ओ.पी.ए. ६२७ या ऑप-अँपची कीर्ती कळली. त्याच्याविषयी लोक एखाद्या घराण्याच्या गवयाविषयी बोलावे तसे बोलतात. अडचण एवढीच की हा गवई जोडीने गात नाही. तो एकटाच येतो. एका आयसीत एक वर्धक, दोन असलेला अवतार कारखान्याने काढलाच नाही.

आणि एकट्याचे पाय जोडीच्या पाटावर बसत नाहीत, हे फार कमी लोक आधी समजून घेतात. दोघांनाही आठच पाय. दिसायला जुळे भाऊ. पण ७४१ पासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे एकट्याचे कान दोन आणि तीन नंबरचे, तोंड सहा नंबरचे आणि वीज चार आणि सातवर. एक, पाच आणि आठ हे पाय किरकोळ जुळवाजुळवीचे किंवा नुसते शोभेचे. जोडीच्या आयसीत पहिल्याचे तोंड एकवर, दुसऱ्याचे सातवर आणि धन वीज आठवर. म्हणजे एकट्याला जोडीच्या सॉकेटात तसाच खोचला, तर जिथे बोलायचे तिथे वीज शिरते आणि जिथे ऐकायचे तिथे तोंड येते. संसार पहिल्याच दिवशी मोडायचा.

यावर तोडगा म्हणजे एक चिमुकली पट्टी. नखाएवढ्या पीसीबीवर वरच्या बाजूला एक एकटा आणि खालच्या बाजूला दुसरा, आणि पट्टीच्या खाली जोडीच्या रीतीचे आठ पाय. पट्टीवरच्या तांब्याच्या वाटा पहिल्याचे सहा नंबरचे तोंड एकवर नेतात आणि दुसऱ्याचे सातवर. दुसऱ्याचे कान पाच आणि सहावर, दोघांचे चार नंबर एकत्र चारवर, दोघांचे सात नंबर एकत्र आठवर. सॉकेटला वाटते जोडीच आली आहे. आपल्याकडे दोन गावची दोन बिऱ्हाडे एका वाड्यात राहतात तसे.

अशी तयार पट्टी, दोन ६२७ सहित, मी एका ऑनलाइन दुकानातून मागवली. किंमत संशयास्पदरीत्या कमी होती, पण स्वस्त मिळाले की प्राध्यापकाची चिकित्सकबुद्धी रजेवर जाते. पट्टी आली, बसवली, ऐकले. मला स्वर्ग दिसला. बांगड्या जास्त स्पष्ट, जाते जास्त मऊ, आईचा श्वाससुद्धा! मी चाचांना बोलावून ऐकवले. त्यांनी एक मिनिट ऐकले आणि हेडफोन काढून मीटर मागितला. बॅटरीच्या तारेत मीटर घालून त्यांनी काटा पाहिला, मग माहितीपत्रक वाचायला मला लावले. माहितीपत्रकाप्रमाणे एक ६२७ साधारण सात मिलिअँपिअर वीज खातो, म्हणजे दोघे मिळून चौदा. आमची पट्टी त्याच्या निम्मीसुद्धा खात नव्हती. चाचांनी कापसाला थिनर लावून आयसीच्या पाठीवर घासले. ६२७ हा आकडा कापसावर आला.

"सर, हा गवई नाही. गवयाचा कोट घातलेला दुसराच कुणीतरी हाय."

माझ्या स्वर्गाचे काय झाले असेल ते वाचकांनीच समजावे. त्यात आणखी एक भर अशी की खरा ६२७ सुद्धा माझ्या डबीत नीट चालला नसता. त्याला प्रत्येक बाजूस किमान साडेचार व्होल्ट लागतात, आणि नऊ व्होल्टची बॅटरी दोन भागांत वाटली की नवी असतानाच नेमके साडेचार हातात येतात. आठवड्याभरात ती उतरली की गवयाचा आवाज बसला. म्हणजे मी ज्या पाहुण्याला घरी बोलावत होतो, त्याला पुरेल इतके दाणेही घरात नव्हते.

तेव्हा चाचांना आठवण झाली. त्यांच्याकडे एका भंगारात आलेल्या जुन्या मिक्सरचा सांगाडा पडलेला होता. त्यातून त्यांनी एन.ई. ५५३४ चे दोन अस्सल आयसी काढले. हा १९७० च्या दशकातला वर्धक. ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात ज्याने अनेक वर्षे घाम गाळला असा. त्याचा जोडीचा अवतार ५५३२ हाही तितकाच प्रसिद्ध. पण एकट्या ५५३४ ची स्वतःची खुसखुस त्याच्यापेक्षा थोडी कमी असते. म्हणून आणि मुख्यतः फुकट मिळाले म्हणून आम्ही दोघे एकटे घेतले.

पण हे जुन्या मोठ्या अंगाचे आयसी, त्या चिमुकल्या पट्टीवर मावेनात. चाचांनी भोकांच्या बोर्डाचा एक तुकडा कापला, वर दोन सॉकेटे शेजारी शेजारी बसवली, खाली आठ पाय लावले आणि मधल्या वाटा बारीक तारेने विणल्या. चष्म्यावर दुसरा चष्मा लावून, श्वास रोखून एकेक डाग दिला. प्रत्येक एकट्याच्या विजेच्या पायांना लागून एक लहानसा कंडेन्सर, पॉइंट एकचा, अगदी जवळ. "लांब ठेवला तर ठेवलाच नाही असं समजा," ते म्हणाले. वाड्याच्या टोकाला आड असला तर आग लागल्यावर उपयोग काय? मग नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेतल्या, म्हणजे दाब वाटून घ्यायची भानगडच नको. कंपासपेटीत त्या मावेनात, तेव्हा त्या रबराने बाहेर बांधल्या. यंत्र आता टाईमबाँबसारखे दिसू लागले. आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले, "अहो, हे घेऊन एस.टी.त तेवढं बसू नका."

एक त्रास सुरुवातीपासून होता. अकरा पट आवाज माझ्या डेकला फार होता. बटण जेमतेम हलवले की आवाज कानठळ्या बसवणारा. आणि इतक्या खाली स्वस्तातल्या बटणाच्या दोन बाजू सारख्या चालत नाहीत. आईचा आवाज मध्यावर न राहता डावीकडे झुके. म्हणून दहा हजारांचा रेझिस्टन्स काढून एक हजाराचा घातला. अकरा पटीचे दोन पट झाले आणि बटण अर्ध्यावर आले.

त्याच रात्री यंत्र आजारी पडले. गाणे ऐकू येत होते, पण घुसमटल्यासारखे. शेजारच्या रेडिओत सूं सूं सुरू झाले. चाचांनी आयसीवर बोट ठेवले आणि झटक्यात काढले. "गरम होरा!" कानाला न ऐकू येणाऱ्या उंच पट्टीत तो स्वतःशीच किंचाळत होता. कारण ५५३४ हा तीन पट किंवा अधिक वाढवण्यासाठीच बांधलेला आहे. त्याहून कमी मागितले तर उलट्या कानात परत येणारे उत्तर इतके मोठे होते की तो भांबावतो आणि होकाराला नकार, नकाराला होकार समजून डोलत राहतो. कमी काम दिल्यावर बिघडणारे नोकर कचेऱ्यांतून असतात, तसाच हा. त्याला उपाय म्हणजे पाच आणि आठ नंबरच्या पायांत बावीस पिकोफॅरडचा एक कंडेन्सर. जोडीच्या ५५३२ मध्ये ही व्यवस्था पोटातच असते. एकट्यात ती आपण करायची. आणि इथे पट्टीची खरी मेख आहे! एकट्याच्या आठ पायांपैकी पाचच पाय खाली सॉकेटापर्यंत पोचतात. पाच आणि आठ हे वरच लटकतात. खालच्या बोर्डावर कितीही शोधा, ते सापडायचे नाहीत. कंडेन्सर पट्टीवरच लावावा लागतो. चाचांनी सॉकेटाच्या पोटाखाली दोन ठिपके जोडले आणि दोघेही एकटे गार झाले.

आता परीक्षा घ्यायची असे मी ठरवले, आणि परीक्षक नेमली मुलगी. मी डोळे मिटून बसायचे, तिने कधी ४५५८ लावायचा, कधी ही दुमजली माडी, आवाज सारखा ठेवायचा, आणि मी ओळखायचे. दहापैकी पाच बरोबर आले. नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. "बाबा, तुम्ही काठावर पासही नाही," असा निकाल लागला. या छंदातल्या मंडळींना राग येईल, पण माझे मत मी सांगून टाकतो. नीट चालवलेल्या चांगल्या ऑप-अँपमधला फरक माझ्या कानाला कळला नाही, आणि बिघडवून चालवलेल्यातला लगेच कळला. शिवाय दोन वेगळे एकटे घेण्याची मोठी शिफारस अशी की डाव्या आणि उजव्या बाजूची एकमेकांत सरमिसळ होत नाही. माझी टेप एका स्पीकरच्या यंत्रावरची. डावे काय नि उजवे काय, दोन्हीकडे आईच! सरमिसळ व्हायला दुसरे होतेच काय?

मग हा सगळा उपद्व्याप वाया गेला का? तसेही नाही. आवाज अजून डावीकडे झुकलेला होता, बटण अर्ध्यावर आल्यावरसुद्धा. नुसता झुकलेला नव्हे, जरा विस्कटलेला, पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा. म्हटले, उजवा एकटा आळशी असेल. जोडीच्या आयसीत डावा आणि उजवा यांची अदलाबदल करता येत नाही, ते एकाच हाडामांसाचे. इथे मात्र दोघांना उचलले आणि जागा बदलून बसवले. आवाज डावीकडेच राहिला. म्हणजे दोष आयसीचा नव्हता. मग डेकच्या तारा उलट्या केल्या. आता आवाज उजवीकडे गेला! म्हणजे दोष डेककडून येत होता. (तारा आधी उलट्या केल्या असत्या तरी हेच कळले असते, हे मला मागाहून सुचले.)

चाचांनी कपाळावर हात मारला. "हेड तिरपं हाय सर. हेड!"

कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या सावकाश चालते. हेडमध्ये केसाहून बारीक फट असते, ती फितीला अगदी काटकोनात हवी. मी २००२ मध्ये ज्या यंत्रावर मुद्रण केले त्याचे हेड एका बाजूला कलंडलेले असणार. या डेकचे सरळ. त्यामुळे स्टीरिओ हेडचा वरचा भाग आईला क्षणभर आधी ऐकत होता आणि खालचा क्षणभर नंतर. अशा वेळी पहिला बळी पडतो तो उंच पट्टीचा, आणि व्यंजनांची धार तिथेच असते. हजारदा आयसी बदलून हे सुधारणार नव्हते.

हेडच्या बाजूला एक इवलासा स्क्रू असतो. चाचांनी घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, मी हेडफोन घातला. कॅसेट चालू. पाव फेरा असा, पाव फेरा तसा. आधी टेपची खसखस बदलली, मग एकाएकी बांगड्या वाजल्या. काचेच्या बांगड्या, वेगवेगळ्या, मोजता याव्यात अशा. आईचा आवाज डावीकडून सरकत सरकत मध्यावर येऊन थांबला. मी हात वर केला. चाचांनी स्क्रू सोडला.

टेप मागे नेली आणि ती ओवी लावली. पळस. ओठ मिटून उघडलेले ऐकू आले. शंकेला जागा नव्हती. मी चाचांना काही न सांगता ऐकवले आणि "काय म्हणाली?" असे विचारले. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "पळस. झाड नाही का ते, लाल फुलाचं."

माझे देवळ, तीर्थ आणि वारकरी एका स्क्रूच्या पाव फेऱ्यात जमीनदोस्त झाले. ते नियतकालिक बंद पडून बरीच वर्षे झाली, तेव्हा दुरुस्ती मी इथेच छापतो: २००४ च्या माझ्या लेखात 'कळस' आहे तिथे 'पळस' वाचावे, आणि पुढची दोन पाने वाचू नयेत.

पण मग पळस कशाला? भाऊ न्यायला येतो त्या ओवीत पळसाचे काय काम? ते विचारायला मी रविवारी कंपासपेटी, दोन बॅटऱ्या, डेक आणि हेडफोन असा संसार घेऊन मावशीकडे गेलो. आधी ती सांगायलाच तयार होईना. मग हळूहळू बोलली. आईचे लग्न १९७१ चे. १९७२ ला पाऊस गेला. मराठवाड्यात त्या साली दुष्काळी कामे निघाली, त्यांवर नवी सूनही खडी फोडायला गेली. दिवाळीला मामा न्यायला आले, तर घरी कुणी नाही. शोधत शोधत ते रस्त्याच्या कामावर गेले. "समदं उघडं रान. सावलीला तेवढा एक पळस. त्याच्या बुडाला बसली होती. हाताला चिंध्या बांधलेल्या. दादानं वळखलंच नाही आधी." मामा घरी येऊन जेवले नाहीत, असेही ती म्हणाली. आईने मला यातले काही कधी सांगितले नव्हते. जात्यावर गायली होती, आणि मी ते टिपून घेताना चुकलो होतो.

मी मावशीच्या कानांवर हेडफोन ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. आधी दचकली, मग डोळे मिटले. ओवी संपली तरी तिने काढला नाही. पुढची ओवी, त्याच्या पुढची. तिचा उजवा हात मांडीवर हलके हलके फिरत होता. बाजू संपून डेकने खट केले तेव्हा तिने डोळे उघडले.

"शब्द ऐकू आला का मावशी? पळस?"

"त्ये तर मला ठावंच हाय," ती म्हणाली. "जातं टाकवायला झालतं तिचं. आवाज ऐकलास का? नुसतं घासायलंय, दाणा फुटंना. मी तवाच म्हणलं होतं तिला."

आणि तिने मला कॅसेट उलटी करून लावायला सांगितले.